आतून लावलेली कडी

शर्मिलाचा चहाचा टोप पालथा होता.

आता टोप पालथा असणं म्हणजे काही आकाश कोसळणं नव्हे, हे खरं. पण शर्मिला दारातच थांबली. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिनं खाली ठेवली नाही. तिच्या ओट्यावर कायम ओल असायची, पालथ्या टोपाला कडेनं पांढरी रेघ धरायची, म्हणून लग्न होऊन ह्या खोलीत आल्यापासून तिनं टोप कधी पालथा घातला नव्हता. सकाळी धुऊन उताणा, खिडकीखाली ठेवून ती कामावर गेली होती. मग ह्याला पालथा घातला कुणी?

तिनं नाक वर करून वास घेतला. मिश्रीचा वास होता, आणि तिच्या घरात मिश्री कुणी लावत नव्हतं.

"हं," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय."

शर्मिला जन्माची संशयखोर होती असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. नवरा होता तोवर ही बाई दार सताड उघडं टाकून गप्पा मारायला पार वस्तीच्या नाक्यापर्यंत जायची. घरात चोरण्यासारखं आहेच काय, म्हणायची, चोराला उलट माझीच दया येईल. पण धम्मपाल काविळीनं गेला, चाळिशीच्या आत गेला, आणि तिच्याभोवतीची तीच माणसं तिला वेगळी दिसायला लागली. मूल नव्हतं. माहेर लातूरकडचं, तिथं एक भाऊ, तोही फोन उचलायचा तो ठेवायच्या घाईनंच. उरली ती तुर्भ्याच्या वस्तीतली ही एक खोली. दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा.

आणि त्या खोलीवर तिच्या दिराचा, मधुकरचा डोळा होता.

हे काही तिच्या मनाचे खेळ नव्हते. धम्मपालच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी उठून गेले, खिरीची पातेली अजून घासायची होती, आणि मधुकर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, एकटीला एवढी खोली काय करायची? घेतलेली तर आमच्या आबांनी."

आबा म्हणजे गंगाराम, शर्मिलाचा सासरा. त्यांनी खोली घेतली हे खरं, पण मधुकर लग्न करून घणसोलीला गेला आणि आबांचं शेवटचं आजारपण, पडदा लावून हगणं-मुतणं सगळं शर्मिलानं काढलं, हेही तितकंच खरं. तिच्या तोंडात मुळातच तीळ भिजत नाही. ती खरकट्या हातांनीच उठली आणि म्हणाली, "माझ्या उंबऱ्याला पाय लावून तर बघा, भाऊजी. तंगडी ठेवून घेईन."

लोक हसले. मधुकर हसला नाही. त्याच्या बाजूला त्याची बायको संघमित्रा बसली होती, मान खाली घालून. ती 'हो' म्हणाली नाही की 'नाही' म्हणाली नाही. शर्मिलाला दिराच्या बोलण्यापेक्षा जावेचं ते गप्प बसणं जास्त लागलं. बाई असून एक शब्द बोलली नाही, हे तिनं मनात पक्कं धरलं.

बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगायला हवं. ह्या वस्तीत खोली कुणाची हे कागदापेक्षा भांड्यांवर जास्त ठरतं. ज्याची भांडी आत, ज्याचा गॅस आत, त्याची खोली. दिवसभर कुलूप दिसलं की कुणीतरी टेम्पो घेऊन येतं, कुलूप तोडतं, आपली गादी आणि पेटी आत टाकतं, आणि मग खरा मालक वर्षानुवर्षं भांडत बसतो. त्यात इथं पक्क्या इमारती होणार अशी आवई उठलेली. एकट्या बाईची खोली म्हणजे रस्त्यावर पडलेली नोटच.

आणि शर्मिलाला तर कुलूप लावावंच लागत होतं. धम्मपालच्या मागे तिला वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये काम मिळालं होतं, एका गाळ्यावर कांदा निवडायचं. बायकांची टोळी असते. सडका बाजूला, कोंब आलेला बाजूला, चांगला गोणीत. टोळीत जागा मिळवायला ओळख लागते आणि चार दिवस दांड्या मारल्या की ती जागा दुसरीची होते. घरी बसून खोली राखली तर खायचं काय, आणि कामाला गेलं तर खोली राहील का? अशा कात्रीत ती रोज सकाळी दाराला कुलूप घालायची, दोनदा ओढून बघायची, आणि किल्ली शेजारच्या बायजाबाईकडं द्यायची.

किल्ली द्यायची ती पाण्यासाठी. गल्लीतल्या नळाला पाणी यायचं ते भर दुपारी. कामाला जाणाऱ्या सगळ्याच बायका कुणा ना कुणाकडं किल्ली ठेवून जात. बायजाबाई पिंप भरायची, नळी काढून घ्यायची, दार लावायची. सत्तरीला टेकलेली बाई, नांदेडकडची, गुडघे कामातून गेलेले, आणि दातांना सदानकदा मिश्री.

म्हणजे मिश्रीचा वास बायजाबाईचा. पण पिंप भरायला आलेली बाई चहा कशाला करेल?

त्या दिवसापासून शर्मिला डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. आणि बघायला लागलं की दिसतंच. एकदा चटईची घडी उलटी होती. एकदा पंखा दोनवर होता, ती तर कायम चारवर ठेवायची. एकदा मोरीत ओला रुमाल, तो बायजाबाईचा नव्हे, कुणा जवान बाईचा, फुलाफुलांचा. तिनं डबे तपासले. तांदूळ जागेवर, साखर जागेवर, पोटमाळ्यावरची पेटी जागेवर. काहीच गेलं नव्हतं, आणि त्यामुळंच तिला जास्त भीती वाटली. चोर असता तर त्यानं काहीतरी नेलं असतं. काही न नेता रोज घरात येऊन बसणाऱ्या माणसाला काय पाहिजे असतं? घर पाहिजे असतं.

"बायजाआई," एकदा सकाळी किल्ली देताना तिनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काल दुपारी कुणी आलं होतं का माझ्याकडं?"

"कोन येतंय माय?" बायजाबाई म्हणाली, आणि लगेच वळून नातवाला हाक मारायला लागली.

नातू शाळेत गेला होता. शर्मिलाला ते माहीत होतं. बायजाबाईलाही माहीत होतं.

मग एके दिवशी व्यापाऱ्यांचा कसलासा बंद निघाला, गाड्याच आल्या नाहीत, आणि टोळीला दुपारीच सुट्टी मिळाली. शर्मिला रिक्षानं नाक्यावर उतरली. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता. तिनं गल्लीत वाकून पाहिलं आणि तिच्या पायांखालची वाळूच सरकली.

तिच्या खोलीतून संघमित्रा बाहेर पडत होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पण जावेची चाल जाऊ ओळखणार नाही का? डावा पाय जरा ओढून टाकते ती. बाहेर येऊन तिनं गल्लीत इकडं-तिकडं बघितलं, चोरासारखं. बायजाबाई भिंत धरत धरत आली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली, तिच्या हातात एक डबा कोंबला आणि तिला मागच्या वाटेनं काढून दिलं. मग दाराला कुलूप घातलं. दोनदा ओढून बघितलं, हुबेहूब शर्मिलासारखं.

शर्मिला टेम्पोच्या आड उभी होती. म्हणजे मधुकर स्वतः येत नाही, बायकोला पाठवतो! आज बायको बसते, उद्या तिची भांडी येतील, परवा गादी येईल. आणि दार उघडून देणारी कोण, तर जिला मी आई म्हणते ती. धम्मपाल गेला तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन रात्रभर बसली होती ही म्हातारी. किती ठरला असेल हिचा वाटा? तिला रडू येत होतं, पण रागानं ते डोळ्यांपर्यंत पोचू दिलं नाही.

तिथून ती तशीच मागे फिरली, वाशीच्या बाजूला जाऊन नवीन कुलूप घेऊन आली आणि आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीनं जुनं काढून ते दाराला लावलं. आणि संध्याकाळी चौकात गेली.

संध्याकाळी चौकात सगळ्या बायका असतात. कुणी भाजी घेतं, कुणी पोरांना पिटाळतं, कुणी नुसतंच बसतं. बायजाबाई विहाराच्या पायरीवर गुडघे चोळत बसली होती. बाजूला जागृती होती, गल्लीतलीच पोरगी, घरी मशीनवर साड्यांना फॉल लावते ती. आणि समोर बाबासोची पानाची टपरी. बाबासो म्हणजे मधुकरचा दोस्त. दोघं शाळेपासूनचे. मधुकरला वस्तीतली खबर हवी असली की ती इथून जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शर्मिलाला बाबासो दिसला. तो चुना लावता लावता थांबलेलाही दिसला. तिनं आवाज आणखी चढवला.

"ऐका गं सगळ्या! माझ्या मागे माझ्या घरात माझी जाऊ येऊन बसते! रोज! आणि तिला दार कोण उघडून देतं? ही! ही बायजाआई!"

बायजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती उठायला गेली, तर गुडघ्यानं दगा दिला आणि पुन्हा बसली.

"शर्मे, हळू बोल. पाया पडते तुझ्या, हळू बोल."

"का हळू बोलू? चोरी मी केली का? संघमित्रा येते की नाही सांग! आज मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तोंड बांधून माझ्या घरातून बाहेर पडताना!"

"मावशी, घरी चला, घरी बोलू," जागृतीनं तिचा दंड धरला.

"तू पण ह्यांच्यात आहेस वाटतं! सोड." शर्मिलानं हात झटकला. "सांगा त्या मधुकरला. कुलूप बदललंय म्हणावं. बायकोला पाठवायचे धंदे बंद कर म्हणावं!"

बायजाबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पकडली गेली, शर्मिलाला वाटलं. चांगली पकडली गेली. घरी येऊन तिनं चार चपात्या जास्त खाल्ल्या असतील, इतकं तिला मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर नवीन कुलूप जसंच्या तसं होतं. टोप उताणा होता. घडी सुलटी होती. पिंप मात्र कोरडं ठणठणीत, पण त्याचं काय, ती दोन हंडे नाक्यावरून आणेल. खोली वाचली होती. तिनं पंखा चारवर लावला आणि पाय पसरून बसली.

तेवढ्यात जागृती दारात आली. आत आली नाही. "मावशी, बायजाआजीकडं चला."

"मी नाही येणार तिच्याकडं."

"चला," जागृती म्हणाली. डोळे लाल होते तिचे. "तुम्हीच केलंय, तर बघायला तरी चला."

बायजाबाईच्या खोलीत गल्लीतल्या पाच-सहा बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणी शर्मिलाकडं बघितलं नाही. मधे चटईवर संघमित्रा पडली होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. डोळ्याखाली असं काळंनिळं, की शर्मिलानं पहिल्यांदा तिला ओळखलंच नाही.

"रात्री बाबासोनं त्याला फोन केला," बायजाबाई बोलली. ती शर्मिलाशी नव्हे, भिंतीशी बोलत होती. "सकाळपर्यंत मारलं हिला. शेजाऱ्यांनी सोडवून दवाखान्यात नेलं."

"पण ही माझ्या घरात..."

"तुझं घर राखत व्हती!" म्हातारी एकदम ओरडली. "कळलं का? दोनदा टेम्पो आनला त्यानं. दोन्ही बारीला ह्या पोरीनं आधी मला फोन करून सांगितलं, आज येनार हाय, दुपारी येनार हाय. आतून कडी लावून बसलो आमी. बाहीरून कुलूप असलं तर कुलूप तोडतील. आतून कडी असली की आत मानूस हाय, कुनाची हिंमत होत न्हाय. त्याला वाटलं तूच घरी हाईस, गेला परत. तवापासून रोज दुपारी, टेम्पोची येळ टळंस्तवर, कुनी ना कुनी बसतंय तुझ्या घरात. मी बसते, जागृती बसते, आनी मी नातवाला आनायला शाळेत जाते तवा ही बसते. वाशीत सैपाकाची कामं करून, जेवायच्या येळंला, उपाशी येती ही. मी डबा देते तिला."

शर्मिला म्हणाली, "मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू कामाला गेली असतीस? टोळीतली जागा गेली असती तुझी. आनी तुझं तोंड..." बायजाबाई थांबली. पुढचं बोलायची गरज नव्हती. खोलीतल्या सगळ्याच बायकांनी काल चौकात शर्मिलाचं तोंड ऐकलं होतं.

जागृतीनं चहा आणला. मग बोलणं निघालं ते संघमित्राला ठेवायचं कुठं ह्यावर. बायजाबाईच्या खोलीत मुलगा, सून, दोन पोरं, हातभर जागा नाही. जागृतीचा बाप संध्याकाळी पिऊन येतो. माहेरी? संघमित्रा पडल्या पडल्या म्हणाली, "मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी परत आणून सोडलं त्यांनी. समजावून सांगितलं म्हणाले त्याला." शर्मिलाकडं अजूनही कुणी बघत नव्हतं, पण न बघण्याचीही एक तऱ्हा असते.

आणि इथं शर्मिलाच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं, मग ते कितीही वाईट दिसो. तिच्या मनात आलं, की हाच तर डाव नसेल? जबरदस्तीनं जमलं नाही तर अशानं जमेल. मधुकरची बायको माझ्या खोलीत राहायला आली, तिची चार भांडी आली, की मधुकर उद्या ताठ मानेनं येईल आणि म्हणेल, बायको इथं राहते म्हणजे मीही इथंच राहणार. मग त्याला कोण बाहेर काढणार? कुलूप तोडायचीसुद्धा गरज नाही. मीच माझ्या हातानं आत घेतलेली असेन. आणि मार? काळं-निळं काय, काही लावूनही होतं. प्लास्टर काय, कुणीही घालून देतं.

ती उठली, संघमित्राला आधार द्यायला खाली बसली, आणि उठवता उठवता तिनं प्लास्टरवर बोटं दाबली. जराशी. बघायला.

संघमित्रा कळवळली. ओठ दातांखाली घेतला, घाम फुटला, पण ओरडली नाही. मार खाताना न ओरडायची सवय असलेल्या बाईसारखी.

शर्मिलाला स्वतःच्या बोटांची किळस आली. "माझ्याकडं चल," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण बोललो. बायजाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "शर्मे, विचार कर. त्याला आयतं मिळंल." म्हणजे म्हातारीच्याही ते ध्यानात आलं होतं.

"मिळू दे," शर्मिला म्हणाली.

किळस आली म्हणून संशय गेला असं मात्र समजू नका. दोन दिवस दोघी एका खोलीत राहिल्या. शर्मिला कामावर जायची तेव्हा जाऊ आत, आतून कडी. कांदा निवडताना तिच्या डोळ्यांसमोर ती कडी असायची. आता काढली असेल. आता त्याला फोन केला असेल. चांगला कांदा सडक्यात टाकला म्हणून टोळीतल्या बायका तिला दोनदा बोलल्या. घरी आली की पहिली नजर डब्यांवर, मग जावेच्या मोबाईलवर. संघमित्रा मोबाईल उशाखाली ठेवायची. का ठेवायची? भिंतीकडं तोंड करून झोपायची. का? दोघी बोलायच्या ते 'मीठ दे' आणि 'पाणी आलं का' एवढंच.

रविवारी सकाळी मधुकर आला.

टेम्पो घेऊनच आला. टेम्पोत गादी, पेटी, टेबलफॅन. मागून बाबासो. गल्लीतल्या बायकांना खबर आधीच लागली होती, त्या शर्मिलाच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना बसल्या होत्या, मधे वाटाण्यांचा ढीग. कुणी मोर्चा काढला नव्हता की घोषणा दिल्या नव्हत्या. नुसत्या वाटाणे सोलत होत्या. एवढे वाटाणे त्या गल्लीत कुणी कधी आणले नव्हते.

मधुकरनं शर्ट इस्त्रीचा घातला होता. आवाज मऊ. "वहिनी, झालं गेलं विसरा. माझी बायको इथं राहते, बरं वाटत नाही तिला. मग नवरा नको का जवळ? बायको जिथं, नवरा तिथं. काय चुकलं माझं?" आणि आत बघून म्हणाला, "चल गं, सामान आत घे."

शर्मिला दाराची चौकट धरून उभी होती. तिला तोंड होतं, पण त्या क्षणी तिनं ते उघडलं नाही. तिला बघायचं होतं. आता कळणार होतं. जाऊ बाजूला सरून त्याला वाट देते की नाही, एवढंच उरलं होतं, आणि ह्या एका गोष्टीवर तिची सगळी खोली टांगलेली होती.

संघमित्रा आतून उठली. पाय ओढत उंबऱ्यापर्यंत आली. नवऱ्याकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं, मग पुन्हा खाली. झालं, शर्मिलाला वाटलं. खोली गेली.

"सामान कसं उचलू?" संघमित्रा हळूच म्हणाली. "हात मोडलाय माझा. तुमीच मोडलाय."

वाटाणे सोलणारे हात थांबले. मधुकर कसंनुसं हसला, मागे वळून बाबासोकडं बघितलं.

"काय म्हनली ती?" बायजाबाईनं कानामागे हात धरला. तिचे कान चांगले तिखट होते, सगळ्यांना माहीत होतं. "परत सांग गं पोरी, मला कमी ऐकू येतंय."

"हात ह्यांनी मोडलाय."

"मलापण नाही ऐकू आलं," पलीकडून जागृती म्हणाली.

"माझा हात ह्यांनी मोडलाय!"

"कुणी?" समोरच्या खोलीतून एक आवाज आला.

"मधुकरनं!" संघमित्रा ओरडली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा तोंडानं घेतलं असेल. "मधुकरनं मोडला! पिरगाळून मोडला! डोळा पण त्यानंच फोडला! पाच वर्षं मारतोय!"

आता पुरुषमाणसंही दारादारांतून बाहेर आली होती. मधुकरचे कान लाल झाले. "ही बाई येडी झालीय," तो म्हणाला, पण कुणाला म्हणाला तेच कळेना, कारण त्याच्याकडं बघून मान हलवायला कुणी उरलं नव्हतं. बाबासो टपरीवर गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून केव्हाच सटकला होता.

"या की आत, भाऊजी," शर्मिलाला आता कुठं कंठ फुटला. "नवरा म्हणून राहायचंय ना? या. पण ह्या सगळ्यांसमोर सांगून या, हात कसा मोडला ते. आणि मग आपण सगळे मिळून चौकीत जाऊ, तिथंही सांगा. नवरा तो नवराच, लपवायचं काय त्यात?"

"सामान उतरवायचं का?" टेम्पोवाल्यानं विचारलं. त्याला बिचाऱ्याला दुसरी फेरी होती.

मधुकर जाऊन टेम्पोत पुढं बसला. टेम्पो गल्लीतून मागे मागे निघाला, वळायला जागा नव्हती, आणि बायकांनी पाय आवरून घेत त्याला सावकाश वाट दिली.

त्यानंतर बराच गलका झाला. कुणी संघमित्राला पाणी दिलं, कुणी रडलं, बायजाबाईनं सगळ्यांना दोन दोन शिव्या हासडल्या आणि नातवाला शोधायला गेली. आजच चौकीत जायचं ठरलं, जेवण झाल्यावर, सगळ्यांनी. ज्या त्या बाईनं आपापला वाटाणा उचलला, आणि दुपारपर्यंत गल्ली मोकळी झाली.

खोलीत दोघीच उरल्या. शर्मिलानं वरण-भात टाकला. तिला फार हलकं वाटत होतं, गाणं म्हणावंसं वाटत होतं. किती वाईट विचार केले आपण ह्या पोरीबद्दल, असं तिला वाटत होतं, आणि ते सगळे माफ झाल्यासारखंही वाटत होतं. तिनं ताट वाढलं, जावेसमोर बसली. उजवा हात प्लास्टरमध्ये, दोन दिवस संघमित्रा डाव्या हातानं सांडत-लवंडत जेवत होती आणि शर्मिलानं ते नुसतं बघितलं होतं. आज तिनं स्वतः भात कालवला.

"ताई, एक विचारू?" संघमित्रा म्हणाली.

"विचार की."

"त्या दिवशी चौकात. बाबासो समोर होता. तुमाला दिसला होता का तो?"

शर्मिलाचा हात ताटातच थांबला.

"दोन दिवस तेच येतंय डोक्यात," संघमित्रा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी मुद्दाम ओरडलात का? मला मार पडावा म्हणून? आनी मग मला घरात घेतलंत, ते कशाला? झोप नाय आली मला. वाटायचं, उद्या त्याला बोलावून हवाली कराल. मोबाईल उशाखाली घेऊन झोपत होते मी, बायजाआईला लावता यावा म्हणून."

'नाही गं, मला कुठं दिसला तो,' असं म्हणणं किती सोपं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. आणि आजच्या दिवशी, एवढं सगळं झाल्यावर, कुणालाही ते खरं वाटलं असतं.

"दिसला होता," शर्मिला म्हणाली. "तो ऐकतोय म्हणूनच ओरडले. तुला मार पडेल असं नव्हतं वाटलं. पण तुझं काय होईल हा विचारही नव्हता केला. मला माझी खोली दिसत होती फक्त."

संघमित्रानं मान हलवली. बाहेर नळाला पाणी आलं, बायका हंडे घेऊन पळाल्या, तरी कुणी उठलं नाही. मग शर्मिलानं घास उचलला आणि जावेच्या तोंडाशी नेला.

संघमित्रानं आधी घासाकडं बघितलं. मग शर्मिलाच्या डोळ्यांत बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. शर्मिलाचा हात अवघडला, पण तिनं तो मागे घेतला नाही. मग संघमित्रानं तोंड उघडलं.